सूर्य ऐकणारे साहेब

पैल्यांदा ते आले तवा मला वाटलं पाणाड्या हाय. हातात तारंचा एक सांगाडा, गळ्यात डबा, कानाला बोंडं लावलेली. खाली बगायचं न्हाय, वर बगायचं न्हाय, निसतं चालायचं. आमच्या शिवारात भूम-वाशीकडनं पाणी हुडकणारे पाणाडे येत्यात, कुणी नारळ घिऊन, कुणी लिंबाची फोक घिऊन. म्हणलं ह्यो नव्या तऱ्हेचा असंल.

मी शेळ्या घिऊन बांधावर बसलेली. ते माझ्या रानाच्या मधोमध थांबले. सांगाडा इकडं फिरवला, तिकडं फिरवला, आन् एकदम ढेकळात खाली बसले. तोंडावर असं हसू, जसा काय पुरलेला हंडा घावला.

"काय घावलं का ओ?" म्या इचारलं.

"काहीच नाही!" ते म्हणले. "बाई, इथं काहीच नाही! असली जागा मी वर्षभर हुडकतोय."

मला राग यावा का हसू यावं, कळंना. ह्या रानात काही न्हाय ही गोष्ट मला कुणी वर्षभर हुडकून सांगायची गरज न्हवती. तीन बाजूंनी डोंगर, त्यामुळं मोबाईलला रेंज न्हाय. रस्ता वढ्यापातुरच. लाईट तर न्हायच. वाटणीच्या टायमाला हे रान कुणालाच नको व्हतं, म्हणून ते माझ्या मालकाच्या वाट्याला आलं, आन् मालक गेल्यावर माझ्या.

पर त्यास्नी तेच पायजे व्हतं. ते लातूरकडचे, बिनतारी खात्यात नोकरी केलेले, रिटायर झालेले. बायको वारली व्हती, लेक परमुलखात. वय माझ्याएवढंच, मागंफुडं असंल. माझा जुना पत्र्याचा कोठा रिकामा पडलेला, मालक असताना तिथं बैलं बांधायचे. तो त्यांनी मागितला.

"काय करणार तिथं?" म्या इचारलं.

"सूर्य ऐकणार."

"बगायचा सोडून?"

"बघणारे लई आहेत," ते म्हणले. "ऐकणारे कमी."

म्या म्हणलं, ऱ्हावा. माणूस दारू पिणारा वाटंना, आन् एकल्या बाईच्या रानात एक म्हातारं माणूस आसलेलं बरं.

तर असं ते आले. गावानं त्यांचं नाव लगीच ठिवलं. कुणी तारवाला म्हणायचं, कुणी ऊनवाला. मी साहेब म्हणायची. ते मला आक्का म्हणायचे.

कोठ्याच्या म्होरं त्यांनी एक लोखंडी खांब रोवला. त्याच्यावर दोन लांब दांड्या, आन् दांड्यावर तांब्याच्या तारंचे वेटोळे, पलंगाच्या स्प्रिंगीसारखे. एक उजवीकडनं वळलेला, एक डावीकडनं. माझा धाकला दीर शेजारच्या रानातनं आला, कमरेवर हात ठिवून बगत उभा ऱ्हायला.

"साहेब, कुणाची गादी फाडली ओ?"

साहेब हसले न्हायत. त्यांना हसायचं आसलं तर ते दुसऱ्या दिशी हसायचे.

दिवसभर ते खांब हातानं फिरवायचे. सकाळी तोंड डोंगराकडं, दुपारी वर, सांजच्याला वढ्याकडं. सूर्य जसा सरकंल तसं. दीर मला म्हणायचा, "वयनी, ह्या सूर्यफुलाला बी कवा भरायचं?" त्यांच्या डब्यावर एक काळी छत्री बांधलेली. डबा सावलीत, आन् हे उन्हात. डोक्यावर वला टावेल तेवढा. म्या एकदा म्हणलं, "साहेब, छत्री तुमच्यावर धरा की, डब्याला काय हुतंय?" तर म्हणले, "आक्का, मी तापलो तर पाणी पितो. डबा तापला तर खोटं बोलतो."

त्यांच्या कायद्यांनी माणूस बेजार व्हायचा. मोटरसायकल आली की बाभळीपाशी बंद करायची, तिथनं ढकलत आणायची. मोबाईल आसला की पिठाच्या डब्यात टाकायचा आन् वरनं झाकण दाबायचं. माझं लेकरू पुण्याला गाडी चालवतंय, ते दिवाळीला आलं आन् त्याचा मोबाईल पिठात गेला, तवा लई चिडलं. "आये, कुणाला ठिवलंस घरात?" म्हणलं, "सूर्याचा माणूस हाय, गप." गॅस पेटवायचं ते टकटक करतंय लायटर, लेकानंच आणून दिलेलं, त्याचा बी ह्यांना तरास. मी टक् केलं की तिकडनं कोठ्यातनं आवाज यायचा, "आक्का, काडी वापरा! काडी!" माझ्या एका च्यापायी त्यांचा सूर्य बिघडायचा. मंग म्या लायटर खुटीला टांगून ठिवलं.

रोज सकाळी मी भाकरी थापायला बसले की ते च्याला यायचे. बिनसाखरंचा, वर चिमूटभर मीठ. मी इचारायची, "आज कसा हाय?" जसं घरातल्या आजाऱ्याचं इचारावं.

"गप आहे." न्हाय तर "कुरकुरतोय." न्हाय तर "झोपेत कूस बदलली." एवढंच.

गावातली माणसं यायची, "साहेब, पाऊस कवा हाय?" मंग मातुर ते भडकायचे. "मी पावसाचा माणूस नाही! सूर्याचं आणि तुमच्या पावसाचं मला काही विचारू नका." माणसं म्हणायची, एवढ्या तारा लावून पाऊस बी कळत न्हाय तर काय कामाच्या. एकदा सांगितलं आसतं की येईल पंधरा दिसांत, तर त्यांना गावानं डोक्यावर घेतलं आसतं. पर जे ठावं न्हाय ते म्हणायचंच न्हाय, असला माणूस.

ह्या नादाला ते कसे लागले ते त्यांनी मला एकदा सांगितलं. नोकरीत नवे व्हते. कुठल्या तरी डोंगरावरल्या ठाण्यात भर दुपारी ड्युटीवर बसलेले. वरनं निरोप यायचा व्हता. आन् मशीन एकदम मुकी झाली. निसता फस्स आवाज. ह्यांनी सगळं उघडून बगितलं, तारा बदलल्या. अर्ध्या एक घंट्यानं आपोआप सुरू झाली. तवर वरिष्ठानं मेमो काढलेला, कामात हयगय केली म्हणून. लई वर्सांनी त्यांना कळलं, त्या दुपारी सूर्य उसळला व्हता, आन् अर्ध्या दुनियेच्या मशिनी मुक्या झाल्या व्हत्या.

"सूर्यानं केलं आणि मेमो मला," ते म्हणले. "तेव्हापासून माझं त्याच्याशी आहे."

"मंग भांडायला आला व्हय इथं?"

"नाही आक्का. तो उसळायच्या आधी काही सांगतो का, एवढंच ऐकायचंय. उसळल्यावर काय, सगळ्यांनाच कळतं."

सूर्य उसळतो म्हंजी काय, ते मला कसं कळावं? मी शाळंत दोन वर्सं गेली, ती बी भावाला सांभाळायला. पर त्यांनी मला कळंल असं सांगितलं. मी शेळीसाठी अंबाडीचं दावं वळत बसले व्हते. ते समोर येऊन उकिडवे बसले.

"आक्का, अजून पीळ घाला."

"बास झाला की. जादा झाला तर खराब हुतंय."

"घाला तर."

म्या घातला. अजून घातला. दावं हातात ताठ झालं, मंग मधीच उचललं आन् गिरकी घिऊन स्वतःलाच गाठ मारून बसलं. माझ्या हातातनं निसटलं.

"हेच," साहेब म्हणले. "सूर्याच्या अंगावर असे दोर आहेत. दिसत नाहीत, चुंबकाचे आहेत. तो आतून फिरतो, एकीकडं जोरात, एकीकडं हळू, त्यामुळं दोरांना पीळ बसत जातो. बसत जातो, बसत जातो, आणि एक दिवस उसळतो. आता सांगा, तुमच्या हातातनं निसटायच्या आधी हाताला काय कळलं?"

म्या इच्यार केला. "थरथरलं जरासं. आन् जड लागलं."

"ती थरथर मला पाहिजे."

ते म्हणायचे, दोराला उजवा पीळ आसतो न्हाय तर डावा. म्हणून ते दोन वेटोळे. उजव्याचा आवाज एका कानात, डाव्याचा दुसऱ्या. सूर्य गप आसला की दोनी कानांत सारखं. पीळ वाढला की एक कान जड हुतो. त्यांनी एकदा ती बोंडं माझ्या कानाला लावली. म्या म्हणलं आता काय मोठं ऐकू येईल, ढगासारखं. तर सुपात जोंधळं पाखडल्यासारखा आवाज. हळू, एकसारखा. मी डोळं झाकून ऐकत बसले. कुणीतरी लांब बसून, कुणाशी न बोलता, पाखडत हाय.

ह्यात एक गोष्ट अशी की साहेबांचा उजवा कान कामाचा ऱ्हायला न्हवता. सगळी नोकरी त्या कानाला फोन लावून काढलेली. त्यामुळं ते बोंडं एकदा सुलटी लावायचे, मंग उलटी करून लावायचे, एकाच कानानं दोनी बाजू ऐकायच्या. बगणाऱ्याला वाटायचं, ह्या माणसाला बोंडं घालायची बी कळत न्हायत.

आता कुंपणाचं सांगते.

त्यांना येऊन वरीस झालं आसंल. एक दिस दुपारी ते पळत आले. ह्या वयाला पळत. "आक्का, चला, चला!" मी हातातलं खुरपं घिऊनच गेले. बोंडं कानाला लावली. त्या पाखडण्याच्या आत टक, टक, टक, असं चाललेलं. एकसारखं.

"नाडी!" ते म्हणले. "उसळायच्या आधी नाडी लागते असं काही जण म्हणतात. ही बघा. लागली."

मंग ते डोंगर चढून वर गेले. रेंज वरच येती, पठारावर. तिथनं त्यांनी पुण्याला, बंगळूरला, कुठं कुठं फोन लावले, असलेच सूर्याचे येडे आसत्यात म्हणं सगळीकडं. दुसऱ्या दिशी भूमकडनं येताना कुंथलगिरीचा पेढा घिऊन आले. मला दिला, दिराला दिला, वढ्यापलीकडं जळण येचायला आलेल्या बायांना दिला. कशाचा पेढा ते कुणाला कळलं न्हाय, पर खाल्ला सगळ्यांनी.

आन् त्याच सांजच्याला त्यांचं तोंड उतरलं. त्यांची एक रीत व्हती. कुठला बी नवा आवाज आला की खांब फिरवायचा आन् सूर्याकडं पाठ करायची. पाठ केली की सूर्याचा आवाज कमी झाला पायजे. त्यांनी पाठ केली, तर टक, टक, टक, तेवढंच. पेढे आणायच्या आधी पाठ करायची सोडून खुशीत डोंगर चढले व्हते.

मंग तो हातातला सांगाडा घिऊन निघाले हुडकत. मी मागं. बांध वलांडला, दिराच्या तुरीपाशी आले. दिरानं नवं झटका मशीन बसवलेलं. कुंपणाच्या तारंत ठोके सोडतंय ते, रानडुकरं आन् हरणं आत येऊ नये म्हणून. त्याची उन्हावर चालणारी प्लेट आसती, त्याला लाईट लागत न्हाय. साहेब तारंपाशी थांबले. कानातलं ऐकलं, तारंकडं बगितलं. आन् खात्री करायला बोट लावलं.

मटकन खाली बसले.

दीर तुरीतनं पळत आला. "ओ साहेब! डुकरासाठी लावलंय ते, माणसासाठी न्हाय!"

म्या त्यांना पाणी पाजलं. दुसऱ्या दिशी मी पठारावर काड्या येचायला गेले व्हते, तर हे तिथं उन्हात दगडावर बसून एकेकाला फोन लावायलेले. "कुंपण होतं. हो. रानडुकरांचं कुंपण. नाही, सूर्य नाही. माझी चूक." फोन ठिवायचा, दुसरा लावायचा. परत तेच, तेवढंच, एक शब्द इकडं तिकडं न्हाय. पलीकडची माणसं हसत आसतील, मला ऐकू येत न्हवतं. चुकलेलं सांगायला डोंगर चढणारा माणूस म्या तवा पैल्यांदा बगितला. माझ्या उभ्या जल्मात माणसं बरोबर आसलेलंच सांगायला चढलेली बगितली.

दीर लई दिस बोलून दाखवायचा. "साहेब, माझ्या डुकरांच्या नावानं पेढं खाल्लं की ओ आमी."

साहेब एक दिस म्हणले, "मग परत द्या." आन् दुसऱ्या दिशी हसले.

पर त्या दिसापासनं ते जास्तीच काळजी करायला लागले. दिराला सांगून दुपारचं मशीन बंद ठिवायला लावलं. दीर तोंडानं टिंगल करायचा, पर बंद ठिवायचा बी.

आता मला लाईटचं सांगावं लागंल.

मी नांदायला आले तवापासनं ह्या रानात लाईट न्हाय. गावात हाय, वढ्यापातुर हाय, इकडं न्हाय. एका घरासाठी एवढे खांब कोण रोवणार, म्हणून टाळलेलं. मी अर्ज दिऊन दिऊन थकले. सहा महिने ऊसतोडीला जायचं, आलं की परत हापिसात जायचं. मंग ऊसतोड बी सुटली, गुडघं गेलं. साहेबांना म्या सांगितलं व्हतं, माझ्या घराला लाईट येणार हाय. गाव हसायचं, तसंच ते बी म्हणले व्हते, "यायला सूर्याची एक फेरी लागेल आक्का." सूर्याचा भर अकरा वर्सांनी येतो म्हणं, मंग उतरतो, मंग परत येतो. ते त्या हिशोबात बोलायचे.

तर सूर्य भरात आलेला, आन् एक दिस गाडीवर खांब आले. सिमेंटाचे. वायरमन, त्याच्यासंगं खड्डे खांदणारी माणसं. वस्तीला लाईट द्यायची कसली तरी योजना आलेली. म्या चुलीवर च्या ठिवला सगळ्यांना. माझं हात थांबंनात. वायरमन म्हणला, "आजी, खुश का?" म्या म्हणलं, "जोडा आधी."

खांब रोवून झाले. शेवटचा खांब आन् माझं घर ह्याच्या मधी साहेबांचा लोखंडी खांब येत व्हता. वायरमन म्हणला, "ह्यो काढावा लागंल. आमची तार इथनंच जाणार."

त्याच सकाळी साहेब मला एक कागद दावायला आलेले. ते छोट्या दुर्बिणीतनं सूर्याचं ऊन कागदावर पाडायचे, म्हंजी डोळं जात न्हाईत. कागदावर भाकरीएवढा सूर्य, आन् त्याच्या कडंला डाग. भाकरी करपल्यावर पडतो तसा. एक न्हाय, घोळकाच.

"एवढा मोठा मी अजून बघितला नाही," ते हळू बोलत व्हते, जसं काय तो ऐकंल. "पूर्वेच्या कडेनं आलाय. आता सरकत सरकत आपल्यासमोर येईल, मग पलीकडं जाईल. एक कान आत्ताच जड झालाय."

च्या पिऊन झाला तरी उठनात. इतक्या दिसांत त्या माणसानं माझ्याकडं काही मागितलं न्हवतं, कोठा सोडला तर.

"आक्का, एक मागू?"

"मागा."

"ह्या डागाला पलीकडं जाऊ द्या. तोवर लाईट जोडू नका म्हणून सांगा. एकदा तार आली की मला काही ऐकू येणार नाही. तार नुसती टांगलेली असली तरी बोलते. आता नाही घावलं तर पुढच्या भराला मी असेन का नसेन."

म्या वायरमनला इचारलं. तो माणूस चांगला व्हता, खोटं बोलला न्हाय. "आजी, माझं काय जातंय? पर आमचं सामान उद्या दुसऱ्या गावाला चाललं. परत कवा यीन ते मी न्हाय सांगू शकत. यीन का न्हाय ते बी न्हाय."

मी घरात आले. साहेब दारात बसलेले. मी त्यांच्या शेजारी बसले. आन् जे म्या कुणाला सांगत न्हाय ते सांगितलं.

म्हणलं, साहेब, माझं मालक ह्या दारातनं पहाटं भायेर पडले. ऊसतोडीची गाडी गावात येणार व्हती, बैलं सोडायची व्हती. अंधार व्हता. पायाला काय तरी लागलं म्हणले. काटा का जनावर, कळंना. चिमणी वाऱ्यानं इझली. म्या काड्या पेटवून पेटवून पाय बगितला. एक काडी पेटायची, तेवढ्यात इझायची. रगत कुठनं येतंय ते दिसंना. म्या पाय दाबून धरला, तर चुकीच्या जागी धरला. उजाडलं तवा दोन दात दिसले. तवर ते बोलायचे थांबले व्हते. उजेड आसता तर वाचले आसते असं मी म्हणत न्हाय. दिसलं आसतं. एवढंच. मला दिसलं आसतं.

एवढं सांगितलं. ते समोर बगत बसलेले. काहीच बोलले न्हाईत. मंग माझ्या ध्यानात आलं, मी त्यांच्या उजव्या अंगाला बसलेली. त्या कानात काहीच जात न्हवतं. पुना सांगायचा दम माझ्यात न्हवता. मी उठून शेळ्या सोडल्या आन् गेले.

सांजच्याला आले. लांबनंच बगितलं, खांब न्हाय. तांब्याचे वेटोळे कोठ्याच्या पत्र्याला उभे करून ठिवलेले. छत्री मिटलेली. साहेब वायरमनची शिडी धरून उभे. वायरमन वरनं म्हणत व्हता, "साहेब, सोडा, माझा माणूस धरंल." तर हे, "तुम्ही काम करा."

वायरमननं मला बोलावलं, "आजी, बटन तुमीच दाबा."

म्या दाबलं. बलब लागला. दिस अजून बुडाला न्हवता, त्यामुळं लई उजेड पडला असं न्हाय. पर म्या खाली बगितलं. उंबऱ्यापासनं चुलीपातुर भुई दिसत व्हती, कोपरा न् कोपरा. मी झाडू घेतला आन् झाडून काढलं. दुसरं काय करावं ते सुचंना.

साहेबांनी त्या दिशी गळ्यातला डबा एकदा कानाला लावून बगितला. मला बी दिला. आग्या मोहोळ उठल्यावाणी आवाज. पाखडणं कुठंच न्हवतं.

ते तरी गेले न्हाईत. रोज कागदावर डाग बगायचे. डाग सरकत मधोमध आला. एक दिस दुपारी ते पठारावर गेले, आन् खाली आले ते सावकाश, एकेक दगड बगत.

"उसळला," ते म्हणले.

"तुमी ऐकला?"

"उसळलेला सगळ्यांनी ऐकला. जगभर. मोठा होता." ते उंबऱ्यावर बसले. "आधीचं मी ऐकलं असतं, ते राहिलं."

वाईट वाटलं म्हणावं तर ते खरं, पर लाईट जोडली त्याचं वाईट वाटत न्हवतं, ते बी खरं. दोनी एकदमच खरं व्हतं. म्या च्या ठिवला. काडीनंच पेटवला, सवय झालेली.

ते म्हणले, "लायटर वापरा की आता."

च्या झाल्यावर म्या म्हणलं, "साहेब, डाग परत येतो का?"

"पलीकडनं फिरून येतो कधीकधी. विरलेला असतो. नाही तर दुसरा येतो. भर अजून आहे थोडा."

"मंग उठा. मी जागा दावते."

मला ठावं व्हती जागा. ईट गावाच्या पलीकडं, डोंगराच्या पोटात, माझी थोरली बहीण नांदायची त्या वस्तीच्या बी वर. तिथं ना खांब, ना रेंज. ऊसतोडीला जाताना आमी तिथनं बायका गोळा करायचो. म्या लेकाला फोन करून सांगितलं न्हाय, उगं वरडला आसता. ईटपातुर जीपनं गेलो, मांडीवर ते तांब्याचे वेटोळे घिऊन. जीपवाला म्हणला, "काका, गादी दुरुस्तीचा धंदा का?" तिथनं फुडं चालत. माझं गुडघं, त्यांचं वय. दोघं बी बसत बसत गेलो.

वर गेल्यावर त्यांनी डबा कानाला लावला. सुलटा, मंग उलटा. सांगाडा चारी बाजूंनी फिरवला. त्यांचं तोंड बगूनच मला कळलं, पाखडणं घावलं. मला द्यायला लागले तर म्या म्हणलं, राहू द्या, तुमीच ऐका. त्यांनी खांब उभा करायला काठी जमिनीत ठोकली, तार सोडायला घेतली.

तेवढ्यात बाजूच्या झोपडीतनं एक पोरगी पळत आली. लग्न होऊन दोन-तीन वर्सं झाली आसतील, काखंत लेकरू. पीठ लागलेलं हात तसंच. लांबनंच वरडली, "लाईट आली का ओ? आज्जे, लाईटवाले का तुमी?"

साहेबांच्या हातात तार तशीच ऱ्हायली. त्यांनी माझ्याकडं बगितलं. उत्तर त्यांनीच द्यायचं व्हतं.

"नाही बाई," ते म्हणले. "लाईटवाला नाही मी. मी ऐकायला आलोय."

"काय ऐकायला?"

त्यांनी तार खाली ठिवली. डब्याची बोंडं काढून खिशात घातली. आन् एका दगडावर बसले, डावा कान तिच्याकडं करून.

"ते सांगतो मागनं," ते म्हणले. "आधी तुमचं सांगा."